भरल्या पाटीची मान

तीनशे बारा पानांची कादंबरी, आणि त्यात वयनीच्या रूपाबद्दल वाक्यं चार. पहिल्या वाचनात मी ती पेन्सिलीने अधोरेखित करत गेले, दुसऱ्या वाचनात आणखी काही निसटलं का ते शोधलं, तिसऱ्यांदा खात्री करून घेतली. पाचवं सापडलं नाही.

ती उंच आहे, घरात शिरताना दाराखाली वाकते. भुवईवर जुना व्रण आहे. हसू आलं की पदर तोंडाला लावते. आणि तिचे डोळे पावसाआधीच्या खाडीसारखे आहेत.

एवढ्या सामग्रीवर मला तिला उभी करायची होती. एक मुखपृष्ठ आणि आत चौदा चित्रं. त्यातल्या नऊ चित्रांत ती आहे, आणि नऊही ठिकाणी ती तीच बाई वाटायला हवी. पाठमोरी असली तरी, कंदिलाच्या उजेडात असली तरी, शेवटच्या प्रकरणात पन्नाशीला पोचलेली असली तरी.

कादंबरी साठेक वर्षांपूर्वीची आहे. लेखक आता नाहीत. नवी आवृत्ती अजून छापून यायची आहे, म्हणून दोघांचीही नावं इथे लिहीत नाही. गोष्ट घडते शिरोड्याच्या बाजूच्या मिठागरांत, १९४०च्या आगेमागे. १९३०च्या मे महिन्यात जिथे मिठाचा सत्याग्रह झाला, तीच माती. वयनीचा नवरा मुंबईला गिरणीत. गणपतीला येतो, मग एका वर्षी येत नाही. ती मिठागरात पाट्या वाहते. गोष्ट सांगतो मिठागराच्या कारकुनाचा नऊ वर्षांचा मुलगा. सगळा गाव तिला वयनी म्हणतो, आणि तिचं खरं नाव शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

मी वेंगुर्ल्याला राहते. शिरोडा बसने तासाच्या आत. काम हाती आलं तेव्हा वाटलं होतं, हे तर आपल्या अंगणातलंच आहे.

पहिल्या पंधरवड्यात अकरा चेहरे काढले. भिंतीवर ओळीने लावले. अकराही सुंदर होते. मोठे डोळे, भुवयांची कमान, ओठ किंचित उघडे, कपाळावर एक चुकार बट. हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात आजोबांनी जपलेल्या जुन्या दिवाळी अंकांची एक पेटी होती आणि माझी चित्रकलेची पहिली शाळा तीच. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही मूळचे गोव्याचे, म्हणजे आमच्या तेरेखोल खाडीच्या पलीकडचे. मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांनी कथेतली नायिका वाचली ती त्यांच्या कुंचल्यातून. दलालांच्या एका सलग वळणदार रेषेत पाठीचा कणा, कंबर आणि पदर एकदम येतो. मी ती रेषा लहानपणी ट्रेसिंग पेपर ठेवून शंभरदा गिरवली आहे. ती माझ्या मनगटात बसली आहे आणि तिचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण वयनी त्या रेषेतून येईना.

आमच्या शेजारच्या आजी लग्नाआधी शिरोड्याच्या मिठागरात जायच्या. त्यांचं वय नक्की कुणालाच माहीत नाही, पंच्याऐंशीच्या पुढे खास. त्यांना मी ते अकरा कागद दाखवायला नेले. त्यांनी चष्मा लावला, प्रत्येक कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि मांडीवर उपडा ठेवत गेल्या. शेवटी म्हणाल्या,

“ही खंयची गो बाय? हिच्या हाताक मीठ लागलला दिसना नाय.”

मी चेहरा दाखवत होते आणि त्या हात पाहत होत्या. मी हात काढलेच नव्हते. अकराही चित्रं खांद्यापाशी संपत होती.

त्या दिवशी दुपारभर मी त्यांच्या पडवीत बसून विचारत राहिले. लुगडं मिठागरात कसं खोचायचं? गुडघ्याच्या वर, घट्ट, मागे काष्टा ओढून, म्हणजे पाण्यात पोटऱ्या मोकळ्या राहतात. पदर डोक्यावरून घेऊन कमरेला, त्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. चोळी पुढे गाठीची. ओलं मीठ पाटीत भरलं की त्यातलं खारं पाणी टपकत राहतं. ते कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यावर येतं. संध्याकाळी चोळी वाळली की खांद्यावर पांढरी रेघ. तळव्यांना चिरा, त्यात मीठ. हे त्या अगदी सहज सांगत होत्या, कालवण कसं करायचं ते सांगावं तसं. मग एकदम थांबून म्हणाल्या, “असा सगळा कशाक लिवन घेतस?”

मी म्हटलं, पुस्तकात नाही म्हणून.

घरी येताना तेच डोक्यात घोळत राहिलं. पुस्तकात हे का नाही? लेखक त्याच भागातले. त्यांनी ती पांढरी रेघ पाहिलेली असणारच. त्यांनी ती लिहिली नाही, कारण त्यांच्या वाचकाला ती सांगायची गरज नव्हती. साठ वर्षांपूर्वी ‘तिने पदर खोचला’ एवढं म्हटलं की वाचणाऱ्याला लुगडं दिसायचं, काष्टा दिसायचा, कुठला कामकरी समाज आणि दिवसाची कुठली वेळ तेही दिसायचं. कादंबरीत एका जागी ‘तिने कुंकू लावलं आणि बाहेर पडली’ असं वाक्य आहे. आजचा वाचक तिथे टिकली पाहतो. त्या काळची बाई बोटाने आधी कपाळाला मेण लावायची आणि त्यावर कुंकू दाबायची, म्हणजे घामात ते उतरत नसे. नवरा ज्या वर्षी आला नाही त्या वर्षी ती हे दोन टप्प्यांचं काम रोज सकाळी करत राहिली, हे त्या साध्या वाक्यात आहे. वाचकाला मेण माहीत असेल तरच ते आहे. मेण विसरलं गेलं आणि वाक्यातून ती सकाळ निघून गेली.

म्हणजे लेखकाचं एक न बोलणं असं असतं, की सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून तो बोलत नाही. आणि दुसरं न बोलणं असतं, जिथे तो जाणूनबुजून गप्प बसतो. वयनीचं नाक कसं, ओठ कसे, रंग कसा, हे त्यांनी तीनशे बारा पानांत एकदाही सांगितलं नाही. याच कादंबरीत खोताच्या मिशांवर अख्खा परिच्छेद आहे. कारकुनाच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, हेही आहे. म्हणजे लेखकाला वर्णन येत नव्हतं असं नाही. वयनीपाशी आल्यावर त्यांनी लेखणी आवरली. पहिल्या जागी चित्रकाराने धावून जायला हवं आणि दुसऱ्या जागी हात जोडून उभं राहायला हवं, असं मला वाटू लागलं, आणि मी कादंबरी चौथ्यांदा वाचायला घेतली. या वेळी दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन. निळ्याने माहीत होतं म्हणून न लिहिलेलं. लालने मुद्दाम न लिहिलेलं. खूप ठिकाणी दोन्ही रंग ओढले गेले, ते वेगळं.

चित्रकाराने लेखकावर कुरघोडी केल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. शेरलॉक होम्स म्हटलं की जी पुढेमागे छज्जा असलेली टोपी डोळ्यांसमोर येते, तिचं नाव कॉनन डॉयलने कथांत कुठेच घेतलेलं नाही. कानझाकण्यांच्या प्रवासी टोपीचा उल्लेख येतो, तेवढाच. बाकी टोपी चित्रकार सिडनी पॅजेटची. होम्सचा देखणेपणाही त्याचाच, डॉयलच्या मनातला होम्स इतका रूपवान नव्हता. आपल्याकडे तर एकच नाव पुरे आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं देवघरांत पोचली. आज डोळे मिटून लक्ष्मी आठवा, साडीतली, कमळावर उभी अशी ती आठवेल ती बहुतेक त्यांचीच असेल. एकदा चेहरा मिळाला की तो परत घेता येत नाही. लहानपणी त्या चित्रांपुढे मीही हात जोडले आहेत आणि त्यांच्यावर माझं प्रेम आहे. तरी नऊ वर्षांच्या एखाद्या वाचकाला वयनी म्हणून कायमची माझीच रेघ आठवेल, या विचाराने अंगावर काटा येतो.

१९१५ साली काफ्काने आपल्या प्रकाशकाला कळवलं होतं की, सकाळी उठल्यावर किडा झालेल्या त्याच्या नायकाचं चित्र कृपा करून काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. दाखवायचंच तर आईवडील आणि बहीण उजेडातल्या खोलीत दाखवा, आणि शेजारच्या काळोख्या खोलीचं दार उघडं ठेवा. मुखपृष्ठावर किडा आला नाही. दारापासून दूर जाणारा, चेहरा हातांनी झाकलेला एक माणूस आला. हे मी पूर्वीच वाचलं होतं, पण त्याचा अर्थ या कामात कळला. जे दाखवायचं नाही, त्याच्याकडे पाहणारी माणसं दाखवता येतात.

आता व्रणाचं सांगते. मधल्या काळात त्याने माझे आठ दिवस खाल्ले.

पहिल्या प्रकरणात व्रण डाव्या भुवईवर आहे. पुढे तापाच्या प्रकरणात, मुलगा आजारी असताना वयनी त्याच्यावर वाकते तेव्हा, तो उजव्या भुवईवर आहे. नऊ चित्रांचा प्रश्न होता, एक बाजू ठरवणं भाग होतं. लेखकांना विचारता येत नव्हतं. छापखान्याची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. मी एक जुनी आवृत्ती मिळवून ताडून पाहिली, तिथेही तेच. मग तापाचं प्रकरण मोठ्याने वाचलं. त्या प्रकरणात मुलगा ग्लानीत आहे, त्याला फक्त आढं, कंदील आणि तिचा वाकलेला चेहरा दिसतो. समोरासमोर. जे त्याच्या उजव्या हाताला आहे ते तो उजवं म्हणतो! पहिल्या प्रकरणात मात्र तो मोठा होऊन, आठवून सांगतो आहे, तिथे तो तिच्या अंगाने विचार करून डावी म्हणतो. व्रण एकाच जागी आहे. पाहणारा बदलला आहे. हे लेखकांनी ठरवून केलं की लिहिता लिहिता आपोआप झालं, देव जाणे. मला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तापाच्या चित्रात व्रण कागदाच्या उजव्या बाजूला आला. ते पान उघडणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

उंचीचंही तसंच. माझ्या पहिल्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे समोरून, बाजूने, पाठमोरी अशा उभ्या आकृत्यांवर, मी तिला चांगली आठ डोकी (डोक्याच्या लांबीच्या आठपट) उंच केली होती. मासिकातल्या मॉडेलसारखी. मग आमच्या आणि पलीकडच्या वाडीतल्या जुन्या मातीच्या घरांची दारं टेप लावून मोजली. कुठे साडेचार फूट, कुठे पाच. या दारांतून वाकल्याशिवाय कोणीच आत जात नाही. मग मुलाने वयनीचंच वाकणं का लक्षात ठेवावं? कारण ती येते कारकुनाच्या घरात. ते चिऱ्याचं, कौलारू, सरकारी माणसाचं घर, दार मोठं. तिथे त्याची आई ताठ शिरते. वयनी तिथेही वाकते. उंच होती म्हणून, की सवयीने? लेखक म्हणतात उंच होती. मी सात डोक्यांवर आणलं आणि वाकण्याची सवय मानेत घातली. उंची पुष्कळशी त्या वाकण्यातूनच दिसू लागली.

राहिले डोळे.

पावसाआधीची खाडी. मी मे महिन्याच्या शेवटी रोज संध्याकाळी मोचेमाडच्या खाडीवर जाऊन बसू लागले. रंगांचा डबा घेऊन. शिशाचा राखाडी, त्यात मातकट, काठाशी खारफुटीचा काळपट हिरवा. पाच-सहा दिवस मी नुसते रंग जुळवले आणि त्यातून डोळे करून पाहिले. राखाडी डोळ्यांची बाई दिसली, दुसऱ्याच कुठल्या तरी देशातली. सातव्या दिवशी वारा पडला. पाणी इतकं निवांत झालं की समोरच्या काठावरच्या माडांची सावली तुटत नव्हती. ढग अजून दूर, क्षितिजावर. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण वाळूवर बसलेले तिघे उठले आणि होडी आणखी वर ओढायला लागले. कोणी झाप आणले, कोणी दोर. दोन-चार दिवसांत मासेमारी तशीही बंद होणार होती, १ जूनपासून दोन महिने. पण त्या संध्याकाळची घाई वेगळी होती. पाणी काहीच करत नव्हतं, आणि ते पाहून माणसं कामाला लागली होती.

कादंबरीत वयनी आली की काय होतं ते मी परत काढून पाहिलं. ती खळ्यात आली की मुकादम बोलता बोलता थांबतो. बायका विड्या विझवतात. कारकून, जो खोतासमोरही बसून राहतो, तो बसल्या जागी सरळ होतो. डोळ्यांचा रंग लेखकांनी सांगितलाच नव्हता. त्यांनी त्या डोळ्यांपुढची माणसं सांगितली होती आणि मी कोबाल्ट निळ्यात राखाडी कालवत बसले होते.

मुखपृष्ठ त्या संध्याकाळी सुचलं. कारकुनाच्या ओटीच्या आतून पाहिलेलं दार, दारात ती वाकलेली, मागे मिठागराचा उजेड, चेहरा सावलीत. आणि आत बसलेली तीन माणसं तिच्याकडे वळलेली. त्यांचे चेहरे पूर्ण.

ते प्रकाशनाकडे पाठवलं आणि तिथे गाडं अडलं. मला सांगण्यात आलं की आता पुस्तक लोक मोबाइलवर अंगठ्याएवढं पाहतात, तेवढ्या जागेत एका बाईचा सुंदर चेहरा असला तर बोट थांबतं, अंधारातलं दार असलं तर थांबत नाही. मग माझ्या त्याच अकरा चेहऱ्यांपैकी चौथा निवडून पाठवण्यात आला, की हाच ठेवू या. आणि मला न विचारता त्यावर पुस्तकाचं नाव टाकून नमुनाही तयार केला होता. मला फार लागलं ते. मी चौथा चेहरा फाडला. माझ्याकडे त्याची मूळ प्रत एकच होती. नमुना त्यांच्याकडे राहिला, पण छापण्याइतका मोठा नव्हता.

अंगठ्याएवढ्या जागेचा मुद्दा मात्र खरा होता आणि तो मी डोक्यातून काढला नाही. त्याचं उत्तर शोधत पिंगुळीला गेले.

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे येताना लागणारं पिंगुळी हे चित्रकथीचं गाव. तिथले ठाकर समाजातले कलाकार चित्रांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका मागून एक समोर ठेवायची आणि गाऊन, बोलून रामायण-महाभारतातली कथा सांगायची. मी ती चित्रं याआधी पाहिली होती, पण या वेळी पाहिलं ते एकच: राम या चित्रातून पुढच्या चित्रात गेला तरी राम कसा राहतो? त्याचा चेहरा सीतेच्या चेहऱ्याहून फारसा निराळा नाही. तसाच मोठा डोळा, तशीच धारदार हनुवटी. तो राहतो मुकुटाच्या आकाराने, हाताच्या ठेवणीने, कोणाच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्याने. दु:ख झालं तरी त्या डोळ्यात काही हलत नाही. दु:ख सांगणाऱ्याच्या आवाजात येतं आणि त्या हलत नसलेल्या डोळ्यात जाऊन बसतं. चित्र पुरतं रडलं असतं, तर आवाजाला जागा उरली नसती.

कादंबरीतही आवाज आहेच. त्या मुलाचा.

दशावतारातलं एक दृश्य त्याच वेळी आठवलं. आमच्या जत्रेत देवळाच्या पडवीत नट स्वत:च रंग लावतात. स्त्रीपार्टी करणारा एक नट मी जवळून पाहिला होता, रात्री बाराच्या सुमारास, छोट्या आरशासमोर. भुवया झाल्या, ओठ झाले, तरी तो पुरुषच दिसत होता. मग उठून लुगडं नेसला, आणि दोन्ही पायांवरचा भार एका पायावर घेतला. तेवढ्याने झालं. चेहरा तर त्याने केव्हाच रंगवलेला होता. आणि आमच्या आरवलीचा वेतोबा घ्या. तो रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. लोक नवसाला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. त्याची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. पण लहानपणी माझ्या स्वप्नात वेतोबा यायचा तो चेहऱ्याने कधी आला नाही. झिजलेल्या टाचेने यायचा.

मी वयनीचं सगळं शीट नव्याने केलं. आधी पाय, तळव्याच्या चिरांसकट. मग हात. मग पाठ. अंगठ्याएवढं करून पाहिलं तरी ओळखू येईल असा एक आकार सापडला: डोक्यावर पाटी, एक हात वर, लुगडं गुडघ्यावर, आणि दाराशी आल्यावर तेच सगळं किंचित वाकलेलं. चेहऱ्यावर व्रणाची एक रेघ आणि पदराची सावली. डोळ्यांची जागा मी रिकामी ठेवली होती. जमतच नव्हते.

हे घेऊन परत आजींकडे. या वेळी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पायांवर बोट फिरवलं, मान हलवली. हात पाहिले. मग बोट मानेवर येऊन थांबलं.

“रिकामी पाटी घेवन ही खंय चल्ली?”

मी म्हटलं, आजी, पाटीत मीठ आहे. हे बघा, ढीग काढलाय वर.

“ढीग दिसता. पण मान भरल्या पाटयेची नाय.” आणि मग, “डोक्यार घे, मगे कळतला.”

त्यांच्याकडे माशांना लावायला आणलेलं खडेमीठ होतं. दहा किलोची पाटी भरली, त्यावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. ओढणीची चुंबळ केली. त्यांच्या सुनेने आणि मी मिळून पाटी उचलली. पहिल्या क्षणी वाटलं, काही नाही, जमेल. मग हात सोडायला सांगितला त्यांनी. मान आपोआप लांब झाली, खांदे खाली गेले, हनुवटी आत आली. विहिरीपासून तुळशीपर्यंत चालायचं, एवढंच. अंगणात कोंबडीची पिल्लं होती, पायांत आली, आवाज आला, पण खाली पाहता येईना. खाली पाहिलं की पाटी गेली. पायांनीच जमीन चाचपत जायचं, आणि नजर समोर एका अंतरावर ठेवायची, तिथून हलवायची नाही. पाणी कानामागून मानेवर आलं. थंड, मग चुरचुरणारं. पुसायला हात हलवायची हिंमत नव्हती. ओटीवर बसलेला त्यांचा नातू मोबाइल पाहत होता. मी समोर आले तेव्हा त्याने मान वर केली आणि उगाचच पाय खाली सोडून सरळ बसला.

मी कुणाकडेच पाहत नव्हते. नजर जिथे ठेवली होती तिथेच होती.

मिठागरात बांध हातभर रुंद, दोन्ही बाजूंना पाणी. तिथे वयनी दिवसभरात किती खेपा करत असेल, आणि किती वर्षं.

रात्री मान नव्याने काढली. कानामागून खांद्यापर्यंत एक लांब, ताणलेली रेघ. मग डोळे काढले, फार काही न करता. वरची पापणी सरळ, बुबुळ मधोमध, न हलणारं. पहाटे झोपायला गेले. सकाळी उठले तेव्हा खुर्चीवर टाकलेला कालचा कुडता वाळला होता, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर पांढरी रेघ होती.